दीड हजार बाइटची चौकट

इथरनेटच्या, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या, तारेवरून माहिती सलग वाहत नाही, फ्रेम नावाच्या तुकड्यांनी जाते. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती मजकूर मावेल याची मर्यादा म्हणजे एमटीयू, आणि ती १९८० सालापासून १५०० बाइट आहे. तेव्हा १० मेगाबिट वेगाची एकच तार सगळे संगणक मिळून वापरत, आणि पूर्ण भरलेली फ्रेम जाईपर्यंत, म्हणजे सुमारे १.२ मिलिसेकंद, बाकीच्यांना थांबावे लागे. एक गिगाबिटच्या तारेवर तीच फ्रेम १२ मायक्रोसेकंदांत जाते, त्यामुळे तार भरून वाहू लागली की संगणकापुढे सेकंदाला सुमारे ८१ हजार फ्रेम येऊन पडतात. मर्यादा ९००० केली, तर ही संख्या चौदा हजारांच्याही खाली येते. तारेवरची बचत त्या मानाने किरकोळच. खरा दिलासा प्रोसेसरला मिळतो.

आपण मर्यादा बदलण्याच्या आज्ञेत ९००० हा आकडा लिहून मोकळे होतो. काम ड्रायव्हरला, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, पडते. लिनक्स या कार्यप्रणालीच्या ४.१० आवृत्तीपासून ड्रायव्हर आपली किमान व कमाल मर्यादा आधीच जाहीर करतो आणि आकडा तीत बसतो की नाही हे कर्नलच (कार्यप्रणालीचा गाभा) तपासते. पुढची बेरीज मात्र ड्रायव्हरची: शीर्षकाचे १४ बाइट, शेवटच्या तपासणी-बेरजेचे ४ आणि व्हीलॅनची (एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याची) खूणचिठ्ठी असल्यास आणखी ४, म्हणजे एकूण ९०२२. हे शेवटचे चार बाइट धरायचे राहिले, की लहान फ्रेम सुखरूप पोहोचतात आणि काठोकाठ भरलेल्या तेवढ्या गळतात. असा दोष शोधताना माणूस हैराण होतो.

नेटवर्क कार्ड आलेली फ्रेम ड्रायव्हरने आधी नेमून दिलेल्या बफरमध्ये, म्हणजे स्मृतीतल्या राखीव जागेत, थेट लिहिते. बफर जुन्या मापाचेच ठेवून कार्डाला नवी मर्यादा सांगितली, तर शेजारच्या स्मृतीवर घाला पडू शकतो. म्हणून बरेच ड्रायव्हर आधी वाहतूक थांबवतात, बफर नव्याने घेतात, कार्डाला मर्यादा कळवतात आणि मगच वाहतूक सुरू करतात. जोडणी क्षणभर तुटते ती यामुळे. त्यातही स्मृतीची पाने बहुधा ४०९६ बाइटची असल्याने आणि कर्नल सलग पाने एक, दोन, चार, आठ अशा दुपटीनेच देत असल्याने ९०२२ बाइटच्या एकसंध बफरसाठी सलग चार पाने मागावी लागतात, आणि बरेच दिवस चालू असलेल्या यंत्रात ती मिळतीलच असे नाही. एकच फ्रेम तीन सुट्या पानांवर विभागून घेणारी रचना मला म्हणूनच अधिक शहाणपणाची वाटते.

एवढे करूनही मधला स्विच (तारा एकत्र जोडणारी पेटी) १५०० वरच अडलेला असेल, तर तो मोठी फ्रेम काहीही न कळवता टाकून देतो. लॉगिन होते, साधे पिंग, म्हणजे समोरून उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश, चालते, पण मोठी फाइल पाठवायला घेतली की सगळे जागच्या जागी थिजते. अशा वेळी तुकडे करण्यास मनाई करून ८९७२ बाइटचे पिंग पाठवावे. आयपीच्या शीर्षकाचे २० आणि आयसीएमपीच्या, म्हणजे पिंग ज्या नियमांनी जाते त्यांच्या, शीर्षकाचे ८ बाइट मिळून ते बरोबर ९००० होते. १४७२ चे उत्तर आले आणि ८९७२ चे आले नाही, तर दोन्ही टोकांचे ड्रायव्हर सोडून आधी मधल्या स्विचची मर्यादा तपासावी.