थायलंडचा पंतप्रधान कसा ठरतो: पात्रता, कागदपत्रं आणि नाव नेमकं कुठे अडतं

थायलंडमध्ये सरकार पडलं की हमखास एक प्रश्न येतो: ज्याच्या जागा जास्त, तो पंतप्रधान का होत नाही? प्रश्न रास्त आहे. १४ मे २०२३ च्या निवडणुकीत मूव्ह फॉरवर्ड पक्षाने १५१ जागा जिंकल्या, दुसऱ्या क्रमांकावरच्या फ्यु थाईने १४१. तरीही मूव्ह फॉरवर्डचे पिता लिमचारोनरात पंतप्रधान झाले नाहीत. पुढे ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ एवढ्या काळात तीन जणांची निवड झाली आणि त्यातल्या दोघांना घटना न्यायालयाने पदावरून काढलं. या सगळ्याचं मूळ ६ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या राज्यघटनेतल्या मोजक्या कलमांत आहे. जागा जिंकणं हा त्यातला एक टप्पा. खरी कसोटी लागते ती नाव टिकवताना.

आधी क्रम समजून घ्या, कारण आपल्या सवयीमुळे इथेच घोटाळा होतो. भारतात राष्ट्रपती किंवा राज्यपाल नेत्याला बोलावतात, शपथ होते आणि बहुमत नंतर सिद्ध करायचं असतं. थायलंडमध्ये आधी प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, नावावर मतदान, मग राजाची नेमणूक, मग शपथ. २०१९ साली मुंबईत झाला तसा पहाटेचा शपथविधी तिथे शक्यच नाही. आणि मतदान होतं ते कोणत्याही नावावर होत नाही, तर निवडणुकीपूर्वीच निवडणूक आयोगाकडे दिलेल्या यादीतल्या नावावर.

यादी: इथे चुकलं की चार वर्षं चुकलं

कलम ८८ नुसार प्रत्येक पक्षाने उमेदवारी अर्जांची मुदत संपण्याआधी निवडणूक आयोगाकडे पंतप्रधानपदासाठी जास्तीत जास्त तीन नावं द्यायची. देणं सक्तीचं नाही, पण दिली नाहीत तर पुढे मागता येत नाहीत. प्रत्येक नावासोबत त्या व्यक्तीचं सहीचं संमतीपत्र लागतं आणि त्याच निवडणुकीत तिने दुसऱ्या पक्षाला संमती दिलेली नसावी. यात त्रुटी निघाली तर ते नाव दिलंच नव्हतं असं धरलं जातं. कागद म्हणून हे सोपं आहे. अवघड आहे तो त्याचा परिणाम: ही यादी सभागृह विसर्जित होईपर्यंत गोठलेली राहते. नेता बदलला, अपात्र ठरला, पक्षच बरखास्त झाला, तरी नवं नाव घालता येत नाही.

मूव्ह फॉरवर्डने २०२३ मध्ये एकच नाव दिलं होतं, पिता यांचं. ७ ऑगस्ट २०२४ रोजी घटना न्यायालयाने पक्ष बरखास्त केला आणि पिता यांच्यासह पदाधिकाऱ्यांवर दहा वर्षांची राजकीय बंदी घातली. खासदार मात्र राहिले. ते पीपल्स पार्टी या नव्या पक्षात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानपद रिकामं झालं तेव्हा सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष हाच होता, १४० हून अधिक खासदार, आणि पुढे करायला नाव एकही नाही. शेवटी त्यांनी भूमजाई थाई पक्षाच्या अनुतिन चार्नविराकुन यांना मतं दिली, सरकारात सामील न होता, आणि बदल्यात काही महिन्यांत सभागृह विसर्जित करण्याचा करार लिहून घेतला. सर्वांत मोठ्या पक्षाला दुसऱ्याच्या यादीतलं नाव निवडावं लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी दोन रकाने रिकामे सोडले होते.

उलट फ्यु थाईने तिन्ही नावं भरली होती: स्रेथा थविसिन, पेतोंगतार्न शिनावात आणि चाइकासेम नितिसिरी. पहिलं नाव, स्रेथा, पंतप्रधान झाल्यावर न्यायालयात पडलं तेव्हा दोन दिवसांत दुसरं उभं राहिलं. दुसरंही पडलं तेव्हा तिसरं होतं, फक्त तोवर मतं उरली नव्हती. कुठल्याही थाई पक्षाला कळकळीने सांगावंसं वाटतं ते एवढंच, की तीनही नावं द्या आणि तिघांचे कागद सारख्याच काळजीने तपासा.

संमतीपत्र असलं म्हणजे झालं असंही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये थाई रक्सा चार्ट या पक्षाने राजाच्या थोरल्या भगिनी उबोलरतना यांचं नाव दिलं. त्यांची संमती होती. त्याच रात्री राजाचं निवेदन आलं की राजघराण्यातल्या व्यक्तीने राजकारणात उतरणं अनुचित आहे. आयोगाने नाव स्वीकारलं नाही आणि ७ मार्चला पक्षच बरखास्त झाला. राजघराणं राजकारणापासून वर आणि वेगळं, ही अट अर्जाच्या कुठल्याही रकान्यात दिसत नाही, पण ती आहे.

साध्या अटी

जन्माने थाई नागरिकत्व, वय किमान ३५, किमान पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण. दिवाळखोर नसावं, भिक्खू नसावं, तुरुंगवासाची शिक्षा झालेली नसावी (अपिलात प्रकरण पडून असलं तरी ती धरतात, हलगर्जीपणा, किरकोळ गुन्हे आणि बदनामी यांना सूट). खासदार असणं मात्र आवश्यक नाही. आपल्याकडे बाहेरच्या माणसाला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, तिथे तसं काही नाही. स्रेथा आणि पेतोंगतार्न दोघेही खासदार नव्हते.

माध्यम कंपनीचे शेअर

खासदाराच्या अपात्रतेची कलम ९८ मधली यादी मंत्र्यालाही लागू आहे. त्यात वृत्तपत्र किंवा कोणत्याही प्रसारमाध्यम व्यवसायाचा मालक अथवा भागधारक नसावा, अशी अट आहे. किती टक्के, याला मर्यादा नाही. एक शेअरही चालत नाही.

पिता यांच्या नावावर आयटीव्ही या दूरचित्रवाणी कंपनीचे ४२,००० शेअर होते, वडिलांच्या वारशातून आलेले. कंपनीचं प्रक्षेपण २००७ मध्येच थांबलेलं. एकूण भांडवलात हा वाटा एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तरी १९ जुलै २०२३ रोजी, संसदेत त्यांच्या नावावर चर्चा सुरू असतानाच, न्यायालयाने त्यांना खासदारकीवरून तात्पुरतं निलंबित केलं. २४ जानेवारी २०२४ रोजी निकाल लागला की आयटीव्ही त्या वेळी माध्यम व्यवसाय करतच नव्हती, म्हणजे अपात्रता नाही. निकाल बाजूने आला, पण तोवर दुसरा माणूस, स्रेथा, पंतप्रधान होऊन पाच महिने झाले होते. अशा निर्दोषत्वाचा उपयोग काय, हा प्रश्न तिथल्या मतदारांनी विचारला आणि तो विचारायलाच हवा. याआधी २०१९ मध्ये फ्युचर फॉरवर्ड, म्हणजे मूव्ह फॉरवर्डच्या आधीच्या पक्षाचे नेते थनाथोर्न यांची खासदारकी व्ही-लक मीडिया या कंपनीच्या शेअरवरूनच गेली होती. शेअर आधीच हस्तांतरित केल्याचं त्यांचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. म्हणून वारसा, बंद पडलेल्या कंपन्या, घरच्यांच्या नावावर केलेली हस्तांतरणं हे सगळं नाव देण्याआधी, तारखेसह, कागदावर स्वच्छ असायला हवं.

जो दाखला कोणीच देत नाही

कलम १६० मधली सर्वांत जाचक अट अशी: व्यक्तीचा प्रामाणिकपणा उघड आणि निर्विवाद असावा, आणि तिचं वर्तन नैतिक मानकांचा गंभीर भंग करणारं नसावं. आपल्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलिसांकडून मिळतो. या अटीसाठी थायलंडमध्ये असा दाखला देणारं कार्यालय नाही. ती पूर्ण होते की नाही हे नेमणुकीच्या वेळी कोणी सांगत नाही, सांगतं ते नंतर घटना न्यायालय. आणि ती नैतिक मानकं २०१८ मध्ये तयार केली ती याच न्यायालयाने, स्वतंत्र घटनात्मक संस्थांच्या बरोबरीने. नियम करणारा आणि निकाल देणारा एकच असेल तर अर्जदाराने भरवसा कशावर ठेवायचा?

स्रेथा यांचं प्रकरण याच अटीवर गेलं, तेही स्वतःच्या वागण्यावरून नव्हे. एप्रिल २०२४ च्या अखेरीस त्यांनी पिचित चुएनबान या वकिलाला मंत्री केलं. पिचित यांना २००८ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांकडे पोचवलेल्या कागदी पिशवीत वीस लाख बाट निघाले होते. नेमणुकीआधी सरकारने कायदेविषयक परिषदेचा सल्ला घेतला होता. पण विचारलं ते तुरुंगवासाच्या अटींबद्दल, प्रामाणिकपणाच्या अटीबद्दल नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अनुकूल आलं, आणि न विचारलेल्या प्रश्नावर सरकार गेलं. सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, चाळीस सदस्यांनी याचिका केली, पिचित यांनी मे महिन्यातच राजीनामा दिला, तरी खटला थांबला नाही. १४ ऑगस्ट २०२४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी स्रेथा पदावरून गेले.

पेतोंगतार्न यांच्या बाबतीत कारण ठरला १५ जून २०२५ चा फोन. कंबोडियाशी सीमेवर तणाव असताना त्या तिथले माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी बोलल्या, बोलणं बाहेर फुटलं, ३६ सिनेटरांनी याचिका केली. १ जुलैला निलंबन, २९ ऑगस्टला सहा विरुद्ध तीन मतांनी पद गेलं. कलम तेच. याचिकेसाठी सभागृहाच्या एक दशांश सदस्यांच्या सह्या पुरतात. आजच्या २०० जणांच्या सिनेटमध्ये म्हणजे फक्त वीस.

मतदान

प्रतिनिधिगृहात ५०० सदस्य. ज्या पक्षाकडे किमान पाच टक्के, म्हणजे २५ जागा आहेत, त्याच्याच यादीतलं नाव चालतं. विद्यमान सदस्यांच्या एक दशांश जणांचं अनुमोदन लागतं, मतदान उघड, आणि निम्म्याहून जास्त मतं विद्यमान संख्येच्या, हजर असलेल्यांच्या नव्हे. ५ सप्टेंबर २०२५ ला सभागृहात ४९२ सदस्य होते, म्हणून गरज २४७ ची. अनुतिन यांना ३११ मिळाली.

सिनेटबद्दल अजूनही गैरसमज आहे. लष्करी राजवटीने नेमलेल्या सिनेटला पंतप्रधान निवडण्यात मताचा अधिकार होता तो संक्रमणकाळापुरता, पहिल्या पाच वर्षांसाठी. त्यामुळेच १३ जुलै २०२३ ला ३७५ मतांची गरज असताना पिता ३२४ वर थांबले. २४९ सिनेटरांपैकी १३ जणांनीच होकार दिला. तो अधिकार मे २०२४ मध्ये संपला. स्रेथा संयुक्त बैठकीत निवडले गेले, पेतोंगतार्न आणि अनुतिन फक्त प्रतिनिधिगृहात.

पिता यांचं नाव पुन्हा मांडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा संसदेने ते साधा प्रस्ताव मानलं आणि फेटाळलेला प्रस्ताव त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही, या कामकाजाच्या नियमावर अडवलं. घटनेतल्या प्रक्रियेला कामकाजाचा नियम आडवा आला. हे मला आजही पटत नाही. आणखी एक गोष्ट: नवा पंतप्रधान किती दिवसांत निवडायचा याची मुदत या घटनेत नाही. २०२३ मध्ये निवडणुकीपासून निवडीपर्यंत तीन महिन्यांहून जास्त काळ गेला.

आठ वर्षं कधीपासून?

एका व्यक्तीला पंतप्रधानपदी एकूण आठ वर्षं, सलग असोत वा तुटक. काळजीवाहू म्हणून काढलेला काळ त्यात धरत नाहीत. प्रयुत चान-ओ-चा २४ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधान झाले, म्हणून २४ ऑगस्ट २०२२ ला मुदत संपली असं विरोधकांनी मोजलं. न्यायालयाने आधी त्यांना निलंबित केलं आणि ३० सप्टेंबरला सांगितलं की मोजणी घटना लागू झाल्याच्या दिवसापासून, म्हणजे ६ एप्रिल २०१७ पासून.

निवडीनंतर

नेमणुकीच्या राजाज्ञेवर सभापतींची प्रतिस्वाक्षरी असते. पंतप्रधान आणि जास्तीत जास्त ३५ मंत्री राजासमोर शपथ घेतात, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत सरकारने संसदेपुढे धोरण मांडायचं. त्यावर विश्वासमत होत नाही.

सभागृह विसर्जित करण्याचा मार्ग पंतप्रधानाकडे असतो, पण एक पंचमांश सदस्यांनी अविश्वास ठराव दाखल केला की तो बंद होतो. आणि काळजीवाहू पंतप्रधानाला तो मार्ग आहे की नाही, हे घटनेत स्पष्ट लिहिलेलं नाही. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला काळजीवाहू फुमथम वेचयाचाई यांनी विसर्जनाचा मसुदा पाठवला. कायदेशीर मुद्द्यावरून तो परत आला, आणि दोन-तीन दिवसांत सभागृहाने अनुतिन यांना निवडलं. अनुतिन यांनी पूर्ण अधिकारात १२ डिसेंबर २०२५ रोजी सभागृह विसर्जित केलं, तेव्हाच २०२३ ची यादी रद्द झाली आणि पक्षांना नवी नावं भरता आली.