कुंडीपासून दारापर्यंत : पुण्यातल्या कचरावेचकांची पार्श्वभूमी

बोहारीण, रद्दीवाला, डबाबाटलीवाला, कचरावेचक हे शब्द एकाच पोत्यात भरले की कचऱ्यातल्या मालावर हक्क कुणाचा, हा पुढचा वाद कळतच नाही. बोहारीण जुन्या साड्यांवर भांडं देते, रद्दीवाला काट्यावर तोलून पैसे देतो. त्याला सकाळी रोकड लागते. ती बहुधा भंगार दुकानदाराकडची उचल, म्हणून संध्याकाळी माल त्यालाच आणि तोही त्याच्याच भावाने. वेचणारीला भांडवल लागत नाही, पोतं पुरतं. पण विकत घेतलेला माल आपला म्हणता येतो. कुंडीतून उचललेल्यावर चोरीचा संशय येतो. ओळखपत्राची मागणी त्यातूनच आली.

पुण्यात या कामात बहुतेक बायकाच, त्याही दलित समाजातल्या. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली कुटुंबं बरीच. 1993 मध्ये त्यांची संघटना झाली. नावातच कागद, काच, पत्रा : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुढे तिच्या ओळखपत्रांना पालिकेची मान्यता मिळाली.

केंद्र सरकारच्या 2000 च्या घनकचरा नियमांनी घरोघरी जाऊन कचरा उचलायला सांगितलं, वेचकांचा उल्लेख न करता. कुंडी गेली की माल थेट गाडीत जाणार. यावर 2008 मध्ये पालिका आणि वेचकांची सहकारी संस्था ‘स्वच्छ’ यांच्यात करार झाला : पालिका पगार देणार नाही, घरं दरमहा शुल्क देतील आणि सुका माल विकून येईल ते वेचणारीचं. पगार घेतला असता तर मालावरचा हक्क गेला असता, हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण शुल्क थकवणाऱ्या घराचं दार महिनोन्‌महिने वाजवायचं कुणी, तर तिनेच. हा भाग करारावरच्या चर्चेत फार हलका धरला गेला.

दोघींच्या जोडीकडे साधारण 250 ते 300 घरं. ओला कचरा पालिकेच्या गाडीत, सुका जागा मिळेल तिथे निवडायचा. बिअरची अख्खी बाटली नगावर जाते. फुटली की काचेच्या किलोभावात. घरातून ओलं-सुकं एकत्र आलं की कागद भिजतो आणि दुकानदार ओलाव्यापोटी वजन कापतो. चिप्सच्या पाकिटांना भावच नाही, तरी ती रोज उचलावी लागतात.

2016 च्या घनकचरा नियमांत कचरावेचकाची व्याख्या आली, सुका माल वेगळा काढू देण्याची तरतूदही आली. दरम्यान काही सोसायट्या पुठ्ठा आणि बाटल्या स्वतःच विकू लागल्या आहेत. तिथे वेचणारीच्या बादलीत उरतात ती पाकिटंच.