पुलाचा फोटो: तक्रार की पाहणी?

पावसाळ्यात दूधगंगा-वेदगंगेवरचे कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड असे बंधारेवजा पूल पाण्याखाली गेले, की निपाणी-चिकोडीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही पूर येतो, फोटोंचा. पाणी ओसरल्यावर तुटलेले कठडे, उघड्या पडलेल्या सळ्या. कुणीतरी 'साहेबांना पाठवलंय' म्हणतं आणि पाहणी झाली असं आपण धरून चालतो. झालेली असते ती तक्रार.

तक्रारीला एक फोटो पुरतो: काय मोडलंय आणि कुठं. त्यातलं 'कुठं' वाटेत हरवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची नोंद गळून जाते. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. अक्षांश-रेखांशाला कानडी-मराठी काही लागत नाही, हा आपल्या भागात लहान फायदा नव्हे.

पाहणी मात्र काही मोडलेलं नसतानाही करायची असते. तोच खांब, तीच बाजू, तेवढंच अंतर, दरवर्षी. भेगेशेजारी दहाचं नाणं धरायचं, त्याचा व्यास 27 मिलिमीटर. एका फोटोवरून भेग जुनी की वाढती हे इंजिनिअरलाही सांगता येत नाही. गेल्या वर्षीचा शेजारी ठेवला की दिसतं. राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांना क्रमांक देऊन अशा नोंदी ठेवण्याची व्यवस्था केंद्राने 2016 मध्ये सुरू केली. गावच्या बंधाऱ्याची वही गावालाच घालावी लागेल.

तरी मोबाइलला पाण्याखालचं दिसत नाही, आणि घात तिथंच होतो. लोंढा खांबाच्या बुडाची वाळू-माती उकरून नेतो, वर रस्ता जसाच्या तसा. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला. त्याच वर्षी मे महिन्यातल्या पाहणीत तो वाहतुकीला योग्य ठरला होता. म्हणजे पाहणीतही वरवरची असतेच.

म्हणून एप्रिल-मेमध्ये, पात्र आटलेलं असताना खाली उतरायचं. बुडाशी खड्डा पडलाय का, पायाचा दगड उघडा झालाय का, हे तेव्हाच फोटोत येतं. फाइलला तारीख आणि खांबाचा नंबर द्यायचा. फक्त कोणत्या काठापासून मोजायचं ते आधी ठरवा. कारदग्याचा पहिला खांब म्हणजे भोजचा शेवटचा.