शनिवार तेली ‘खरे ज्यू’ नाहीत?

“ज्यू हा गोऱ्यांचा वंश. आपले शनिवार तेली सावळे, मराठी बोलणारे. ते खरे ज्यू कसे?” अलिबागकडे कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाबद्दल हे अजून ऐकू येतं. हे साफ चुकीचं आहे.

घोळ शब्दातच आहे. ‘वांशिक’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना लावतो: वंश आणि समाज. वंश ही रंगरूपावरून केलेली वाटणी, विज्ञानात तिला आधार नाही. समाज बांधला जातो तो सामायिक पूर्वज, श्रद्धा, रीती यांनी. बेने इस्राएल शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून ते शनिवार तेली. नवस फेडताना आजही मलिद्याचं ताट मांडतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. आडनावं पेणकर, किहीमकर. रंग काहीही असो, हा ज्यू समाजच.

नाझी तर वंशाचाच घोष करत. पण १९३५च्या त्यांच्या कायद्यात ज्यू ठरवताना रक्त तपासलं नाही, आजी-आजोबांचा धर्म पाहिला! वंश ही छळासाठी रचलेली सबब होती. १९४८च्या वंशसंहारविरोधी करारातही वंशाबरोबर राष्ट्रीय गट, सामायिक पूर्वज-रीतींचे समाज आणि धार्मिक गट वेगळे नोंदले आहेत.