एका बिलामागच्या सेवा

इंदूरच्या दवा बाजारात दुपारी एखाद्या होलसेल पेढीच्या काउंटरपाशी उभे राहिले, तर देवास, महू, सांवेर इथल्या औषध दुकानांच्या ऑर्डर मोबाइलवर येत असतात, आतली मुले रॅकवरून बॉक्स काढत असतात आणि प्रिंटरमधून क्यूआर कोड असलेली बिले एकामागून एक बाहेर पडत असतात. असे एक बिल छापले जाण्यापूर्वी गोदामातला साठा, दुकानदाराच्या उधारीची मर्यादा, चालू दर आणि जीएसटीची सरकारी नोंदणी अशी निदान चार ठिकाणी विचारपूस झालेली असते. ही विचारपूस कोणी कोणाकडे, कोणत्या शब्दांत करायची आणि उत्तर आलेच नाही तर काय समजायचे, हे आधी ठरवून सॉफ्टवेअर बांधण्याच्या पद्धतीला सेवाधारित रचना, म्हणजेच ‘एसओए’, असे म्हणतात.

पेढी लहान असते तेव्हा हे सारे एकाच प्रोग्राममध्ये मावते. पुढे हिशेबाचे सॉफ्टवेअर वेगळे येते, गोदामाचे वेगळे, सेल्समनच्या मोबाइलवरचे आणखी वेगळे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची माहिती हवी असल्यामुळे कोणीतरी दोघांच्या मध्ये एक जोडणी करून देतो. अशा दहा प्रोग्रामांना एकमेकांशी थेट जोडायचे म्हटले, तर पंचेचाळीस जोडण्या होतात, आणि त्या ज्याने केल्या तो नोकरी सोडून गेला की कोणती तार कुठून कुठे गेली आहे हे सांगणारा कोणी उरत नाही. सेवाधारित रचनेत प्रत्येक विभागाचा प्रोग्राम आपले काम चार लोकांत जाहीर करतो: अमुक औषध अमुक इतके राखून ठेवण्याचे काम मी करतो, मागणी अशा स्वरूपात करा, उत्तर अशा स्वरूपात मिळेल, आणि ते काम मी आत कसे करतो यात कोणी डोकावू नये. ज्या बॅचची मुदत आधी संपते ती आधी बाहेर काढायची, हा नियम मग साठ्याच्या सेवेत एकाच जागी राहतो. बिलाच्या प्रोग्रामला तो ठाऊक असण्याचे कारण नाही.

डोकावल्याने काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका पेढीच्या सॉफ्टवेअरचे काम पाहत होतो (पेढीचे नाव सांगण्यात काही अर्थ नाही). तिथे बिलाचा प्रोग्राम गोदामाच्या डेटाबेसमधला ‘नग’ हा रकाना थेट वाचत असे आणि त्यातला आकडा बॉक्सचा आहे असे धरून चालत असे. गोदामाच्या लोकांनी सोयीसाठी एका शनिवारी बॉक्सऐवजी स्ट्रिपांनी मोजायला सुरुवात केली. एका बॉक्समध्ये दहा स्ट्रिपा. रॅकवर चारच बॉक्स असताना रकान्यात ४० हा आकडा दिसू लागला आणि सोमवारी बारा बॉक्सचे बिल बिनदिक्कत निघाले. कुठेही एरर आली नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने चाळीस ही संख्या आधीही बरोबर होती आणि नंतरही. देवासच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा कुठे घोटाळा उमगला.

मागणी आणि उत्तर कोणत्या स्वरूपात असेल याचा दोन प्रोग्रामांमधला करार कसा लिहावा, यावर या क्षेत्रात अमाप कष्ट झाले आहेत. माहिती खुणांसह मजकुरात लिहिण्याचे एक्सएमएल हे स्वरूप १९९८ मध्ये प्रमाणित झाल्यावर त्याच्या आधाराने निरोप पाठवण्याची ‘सोप’ ही पद्धत आली, आणि सेवेचे वर्णन यंत्राला वाचता येईल अशा रीतीने लिहिण्यासाठी २०००-०१ च्या सुमारास डब्ल्यूएसडीएल ही भाषा पुढे आली. या भाषेत ‘नग’ हा पूर्णांक असेल असे सांगता येते, पण तो बॉक्सचा की स्ट्रिपांचा हे सांगण्याची सक्ती ती करत नाही. ते माणसांनीच करारात लिहावे लागते, आणि एकक बदलायचे झाल्यास जुना करार तसाच चालू ठेवून शेजारी दुसरी आवृत्ती उभी करावी लागते. त्याच काळात जगभरच्या सेवांची जणू टेलिफोन डिरेक्टरी असावी म्हणून यूडीडीआय नावाची व्यवस्थाही मांडली गेली. अनोळखी कंपनीची सेवा डिरेक्टरीत शोधून तिच्याशी व्यवहार करायला मात्र फारसे कोणी तयार झाले नाही, आणि तिची सार्वजनिक केंद्रे २००६ च्या सुरुवातीला बंद झाली. व्यापार ओळखीवर आणि पत पाहून चालतो, हे इंदूरच्या सियागंज बाजारातल्या कोणत्याही व्यापाऱ्याने फुकट सांगितले असते.

निरोपांची ने-आण आणि रूपांतर करण्यासाठी मध्ये बसवलेल्या सॉफ्टवेअरला एंटरप्राइज सर्व्हिस बस म्हणतात. म्यूल, अपाचे कॅमल ही या कामाची परिचित साधने आहेत. ती उपयुक्त आहेत, पण सवलतीचे, उधारीचे, कराचे नियम हळूहळू तिथेच साठत जातात आणि ज्या गुंत्यातून सुटायचे होते तो मधल्या माणसाच्या पोटात जाऊन बसतो, असा माझा अनुभव आहे. पुढे संगणकतज्ज्ञ रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात मांडलेली, वेबच्याच रीतीने मागणी-उत्तर करण्याची रेस्ट ही शैली आणि माहिती लिहिण्याचे जेसन हे सुटसुटीत स्वरूप रूढ झाले. त्यानंतरच्या मायक्रोसर्व्हिसेसमध्ये सेवा आणखी लहान झाल्या, मूळ कल्पना मात्र तीच राहिली.

खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे: मागणी पाठवली आणि उत्तर आले नाही. काम झाले नाही म्हणून उत्तर नाही, की काम झाले आणि उत्तर वाटेत हरवले, हे मागणी करणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. पुन्हा पाठवले तर काम दोनदा होण्याची भीती, न पाठवले तर अजिबात न होण्याची. यावरचा उपाय पाहायचा असेल तर बिलावरच्या क्यूआर कोडकडे पाहावे. वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांच्या वर गेलेल्या व्यापाऱ्याला १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावे केलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. पेढीचा प्रोग्राम बिलाचा तपशील जेसन स्वरूपात पाठवतो आणि पोर्टल चौसष्ट अक्षरांचा क्रमांक परत देते. हा क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा नंबर या चार गोष्टींवर एसएचए-२५६ ही गणिती प्रक्रिया करून काढलेला असतो. त्यामुळे इंटरनेट मध्येच गेले आणि तेच बिल पुन्हा पाठवले, तर पुन्हा तोच क्रमांक निघतो, आणि हे बिल आधीच नोंदले आहे असे पोर्टल सांगते. दुसरी नोंद होतच नाही.

हीच युक्ती पेढीच्या आतही वापरता येते. साठा राखून ठेवण्याच्या मागणीबरोबर ऑर्डरचा नंबर पाठवला आणि साठ्याच्या सेवेने तो लक्षात ठेवला, तर त्याच नंबराची दुसरी मागणी आल्यावर तिने माल पुन्हा वजा न करता पहिलेच उत्तर द्यावे. रॅबिटएमक्यूसारख्या साधनात निरोप रांगेत थांबवून ठेवता येतो आणि पोच मिळेपर्यंत तो काढून टाकला जात नाही. अशा रांगेतून तोच निरोप क्वचित दोनदा पोहोचू शकतो, म्हणून तिथेही हा नंबर लागतोच. कोणते काम रांगेत टाकायचे, हा निर्णय व्यवहार ओळखूनच घ्यावा लागतो. एकामागून एक अशा पाच सेवांवर बिल अवलंबून असेल आणि प्रत्येक सेवा शंभरातले नव्व्याण्णव वेळा स्वतंत्रपणे चालत असेल, तरी पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता सुमारे पंचाण्णव टक्केच राहते. साठा आणि सरकारी नोंदणी यांचे उत्तर बिलाआधी हवेच. खातेवहीतली नोंद रांगेत थांबली तर काही बिघडत नाही. संध्याकाळी खोकी देवासच्या गाडीत चढतात तेव्हा हिशेबाचा प्रोग्राम दुपारची बिले अजून खात्यांत उतरवत असला, तरी चालते.