वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आणि आतड्यांचा दाह : प्रश्नाची पार्श्वभूमी

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा आतड्यांच्या दीर्घकालीन दाहावर, म्हणजे क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारांवर, काय परिणाम होतो, हा प्रश्न अलीकडचा वाटत असला तरी त्याचे मूळ खुद्द या शस्त्रक्रियेच्या जन्मातच आहे. 1954 मध्ये मिनेसोटातील क्रेमेन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून वजन घटवण्याचा मार्ग मांडला. पुढे 1969 मध्ये पेन आणि डीविंड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत लहान आतड्याच्या सुरुवातीचे सुमारे 35 सेंटिमीटर शेवटच्या सुमारे 10 सेंटिमीटरना जोडले जाई. उरलेले काही मीटर आतडे पोटातच राही, पण त्यातून अन्न जात नसे.

वजन उतरले, यात शंका नाही. मात्र त्या रिकाम्या, निपचित पडलेल्या आतड्यात जिवाणू माजत आणि तेथे दाह सुरू होई, ज्याला शल्यचिकित्सकांनी ‘बायपास एंटरायटिस’ असे नावच देऊन टाकले. काहींना सांधेदुखी होई, अंगावर पुरळ उठे आणि जोडणी पूर्ववत केली की ही लक्षणे बहुधा ओसरत. क्रोन्सच्या रुग्णालाही सांध्यांचा आणि त्वचेचा असाच त्रास होत असल्याने, आतड्याची रचना बदलली की दाहही बदलतो, ही गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. यकृत निकामी होणे आणि मूतखडे ही संकटे अधिक ठळक असल्याने ही गोष्ट मागे पडली असावी. 1966 साली आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी सुरू केलेल्या गॅस्ट्रिक बायपासने, म्हणजे जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो लहान आतड्याला जोडण्याच्या आणि उरलेले जठर वगळण्याच्या पद्धतीने, भर आतड्यावरून जठराकडे वळवला. पुढे रुळलेल्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत तर जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी केली जाते आणि आतड्याला हातच लावला जात नाही.

दुसऱ्या बाजूला, 1932 साली न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी वर्णिलेल्या क्रोन्स आजाराचा रुग्ण दीर्घकाळ कृशच समजला गेला. शस्त्रक्रियेत मात्र वेगळेच दिसे: दाह झालेल्या आतड्याभोवती पिवळी चरबी बोटांसारखी वर चढून त्याला वेढून बसलेली असे. चरबी ही नुसती साठवण नसून ती टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी द्रव्ये स्रवते, हे 1993 साली उंदरांवरील संशोधनातून दाखवले गेले. त्याच द्रव्याला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध 1998 मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झाले. दाह आटोक्यात आला की भूक परतते, स्टिरॉइडनेही वजन वाढते. त्यामुळे 160 सेंटिमीटर उंचीचा, 90 किलोच्या आसपास वजनाचा, म्हणजे साधारण 35 बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) असलेला लठ्ठ रुग्णही आता नवलाचा राहिलेला नाही.

अशा रुग्णाची चरबी घटली की दाहही शमेल, ही अपेक्षा तर्काला धरून आहे. पण डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, अशी शस्त्रक्रिया झालेल्या लोकांत नव्याने क्रोन्स होण्याचा धोका अधिक आढळला. याचा अर्थ शस्त्रक्रियेनेच आजार होतो असा लगेच काढता येत नाही, कारण लठ्ठपणा स्वतःच क्रोन्सच्या धोक्याशी जोडला गेला आहे. ज्यांना आधीपासून आजार आहे त्यांच्यासाठी अनेक शल्यचिकित्सक स्लीव्हकडे झुकतात, ते मुख्यतः आतडे राखण्यासाठी: क्रोन्समध्ये पुढेमागे आतड्याचा तुकडा कापावा लागू शकतो, आणि बायपासनंतर वगळलेल्या जठरापर्यंत साधी दुर्बीण पोचत नाही.

भारतात यात आणखी एक गुंता आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते, तिथे क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरणे अपेक्षितच असते आणि पातळ शौचाचे खापरही सहज शस्त्रक्रियेवर फोडले जाते. त्यामुळे यातले नेमके काय चालले आहे हे ठरवण्यासाठी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी आतड्याचा छोटा नमुना, घ्यावी लागते, कारण क्षय असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले, तर तो बळावतो.