सांबऱ्याची हवा मोजताना

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ७५८ मीटर. एप्रिलच्या दुपारी तिथला पारा ३६ अंशांवर गेला की धावपट्टीवरची एक घनमीटर हवा सुमारे १.०४ किलो भरते. विमानशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच पानांवर भेटणारा आकडा १.२२५ किलोचा असतो. तो समुद्रसपाटीचा आणि १५ अंश तापमानाचा. म्हणजे त्या दुपारी आपल्याकडची हवा त्या मानाने १५ टक्क्यांनी विरळ. ही १.०४ ची घनता कुठल्या उंचीवर सापडते ते प्रमाण वातावरणाच्या तक्त्यात शोधलं, तर उत्तर येतं सुमारे १६५० मीटर. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच आहे. विमानाच्या हिशेबाने, उन्हाळ्यातल्या त्या दुपारी सांबऱ्याची धावपट्टी महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर असते.

आमच्या भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना विमानशास्त्र शिकवायचं तर सुरुवात इथून करावी, असं माझं ठाम मत आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात, मच्छ्याला. अभ्यासक्रमाला कमी काहीच नाही. पण मुलं प्रत्येक गणितात डोळे मिटून १.२२५ घालतात आणि उत्तर बरोबर आलं की पुढे जातात. असं उत्तर मी अर्धवट मानतो. विमानाच्या धंद्यात कुठलाही आकडा सुटा नसतो. तो एका जागेचा, एका वेळेचा किंवा एका विशिष्ट भागाचा असतो.

आता या १५ टक्क्यांचं पुढे काय होतं ते पाहू. पंखाला मिळणारी उचल, म्हणजे लिफ्ट, हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि पंखाच्या आकारावर व कोनावर ठरणारा एक गुणांक यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. विमानाचं वजन तेच, पंख तोच, घनता मात्र घटलेली. मग वेग वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. वेगाचा वर्ग असल्यामुळे वाढ ८ टक्क्यांवर भागते, पण धावपट्टीवरची धावही वेगाच्या वर्गाच्याच हिशेबाने लांबते, म्हणजे तेवढ्यानेच ती १७ टक्क्यांनी वाढते. त्यात टर्बोचार्जर नसलेलं छोटं पिस्टन इंजिन सिलिंडरमध्ये आकारमान तेवढंच ओढतं, मात्र त्यातला ऑक्सिजन कमी, त्यामुळे ताकद कमी. पंख्यालाही, म्हणजे प्रोपेलरला, मागे ढकलायला हवा कमीच मिळते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की छोट्या प्रशिक्षण विमानाची धाव समुद्रसपाटीवरच्या थंड दिवसाच्या दीडपटीच्या आसपास जाते.

यात आणखी एक खुबी आहे आणि ती मुलांना समजली की वर्गात खरी जाग येते. वैमानिकासमोरचा वेगदर्शक काटा खरा वेग मोजतच नाही. विमानाच्या पंखाजवळ किंवा नाकाशी एक बारीक नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते आणि काटा त्या दाबावर चालतो. हवा विरळ झाली की तोच दाब निर्माण व्हायला जास्त वेग लागतो. पण पंखालाही नेमका त्याच दाबाशी मतलब असतो. म्हणून उड्डाणाच्या क्षणी काटा गोव्यात दाखवतो तोच आकडा सांबऱ्यालाही दाखवतो. फक्त खालची जमीन जास्त वेगाने मागे पळत असते. डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्या नवशिक्याला वाटतं, वेग पुरे झाला, आता उचलावं. तिथे काट्याचंच ऐकायचं असतं.

चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलं की हवा ९-१० टक्क्यांनी दाट होते. जानेवारीच्या पहाटे सांबऱ्यालाच १४ अंश असतील तर तिथली हवा घनमीटरला १.१२ किलोपर्यंत जाते. प्रशिक्षणाची उड्डाणं सकाळी लवकर का धरावीत, याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे. उरलेलं अर्धं उत्तर दुपारी तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या धक्क्यांत.

धावपट्टीचं नावही मुलांना विचारावं. सांबऱ्याला एका टोकाला ०८ लिहिलेलं असतं, दुसऱ्याला २६. ते होकायंत्राचे ८० आणि २६० अंश, शेवटचं शून्य काढलेले. २६ ची दिशा जवळजवळ पश्चिम, आणि आपल्याकडे पावसाळी वारा घाटावरून येतो तोही पश्चिमेकडूनच. १५ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा थेट समोरून असला आणि विमानाला उडायला ५५ नॉट लागत असले, तर जमिनीवर ४० नॉटच गाठावे लागतात. ४० भागिले ५५ चा वर्ग करा, ०.५३ येतो: धाव जवळजवळ निम्मी. बारावीतलं गतीचं समीकरण एवढंच, पण खिडकीबाहेर ज्या वाऱ्याने छत्री उलटते तोच त्यात घातला तर मुलं ते विसरत नाहीत.

सांबऱ्याचा हा तळ १९४२ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने बांधला. आज तिथे भारतीय हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. त्याच १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि तिथल्या पहिल्या शिक्षकांत कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची कल्पना मांडणारे प्रांट्ल ते हेच. घाटगे पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान तयार झालं. ते १९५१ साली पहिल्यांदा उडालं आणि आपल्या हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. फळ्यावरचं समीकरण आणि प्रत्यक्ष विमान यांत अंतर न ठेवणारा माणूस आपल्याच मुलखातला होता, हे सीमाभागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं असं मला वाटतं.

प्रवेशाच्या दिवसांत पालकांचा एक गोंधळ नेहमी दिसतो, म्हणून थोडं विषयांतर. ‘विमानाचा कोर्स’ एकच नसतो. एरोनॉटिकल किंवा एरोस्पेसची बी.ई. ही विमान रचण्याची, त्याची गणितं आणि चाचण्या करण्याची पदवी. विमान दुरुस्त करून ‘हे उडायला योग्य आहे’ अशी सही करायची तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, देखभाल अभियंत्याचा परवाना लागतो. तो पदवीने मिळत नाही. आणि वैमानिक व्हायचं तर व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण. घर गहाण ठेवण्याआधी मुलाला किंवा मुलीला यांतलं नेमकं काय करायचंय, ते बसून विचारावं.

हवेइतकाच महत्त्वाचा विषय धातूचा, आणि तिथे बेळगावची मुलं आधीच दोन पावलं पुढे असतात. उद्यमबागेत, मच्छ्यात कुणाचे वडील मोल्डर, कुणाचा काका लेथवर, कुणाच्या घरची फौंड्री. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, ब्लो होल (वायू अडकून राहिलेली पोकळी) कसा येतो, श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) कुठे पडतं, हे त्यांना पुस्तकाआधी माहीत असतं. तरी विमानाच्या भागांकडे पाहताना त्यांना एक प्रश्न पडतोच: लँडिंग गिअरचे, म्हणजे चाकांना धरणाऱ्या सांगाड्याचे, आणि पंखाच्या जोडाचे महत्त्वाचे भाग ओतत का नाहीत?

कारण वजनाचं. विमानाचा सांगाडा सेवेत येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या फक्त दीडपट भाराला टिकेल असा बेततात. जमिनीवरच्या यंत्रांत तिप्पट-चौपट राखीव ताकद ठेवणं सर्रास चालतं. विमानात तेवढं वजन घेऊन उडणंच परवडत नाही. राखीव ताकद इतकी कमी ठेवायची तर धातूच्या पोटात काय आहे याची खात्री तितकीच जास्त हवी. ओतीव भागात पोकळी लपून राहू शकते. म्हणून नियमांत ओतीव भागांसाठी, तपासणी किती कडक आहे त्यानुसार, वेगळा जादा गुणक लावायची तरतूद आहे. जादा गुणक म्हणजे जादा वजन. त्यापेक्षा तापवलेला धातू साच्यात दाबून घडवायचा, म्हणजे फोर्जिंग. दाबाखाली आतल्या पोकळ्या मिटतात आणि धातूचे कण भागाच्या आकाराप्रमाणे वळतात. कुऱ्हाडीचा दांडा लाकडाच्या रेषेला धरून काढतात तो ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी ताण ज्या दिशेने येणार त्या दिशेने कणांच्या रेषा हव्यात.

आणि हे पाहायला बंगळूरला जायची गरज नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर, हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीजवळ एक्वस कंपनीचं विमानाच्या सुट्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र २००९ पासून उभं आहे. फोर्जिंगसाठी तिथे १०,००० टनी हायड्रॉलिक प्रेस आहे. यंत्रकाम आणि पृष्ठप्रक्रियाही त्याच आवारात होते. एअरबस, बोइंगच्या विमानांत लागणारे भाग आपल्या गावाकडच्या पोरांच्या हातून जातात.

ओतकामाचा मात्र विमानातून पुरता निकाल लागलेला नाही, उलट त्याचं सर्वांत अवघड रूप तिथेच आहे. जेट इंजिनच्या टर्बाइनमध्ये येणारा वायू १५०० अंशांच्याही वर असतो, म्हणजे पात्याच्या निकेल मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षा गरम. ही पाती मेण गाळून केलेल्या सिरॅमिक साच्यात ओततात. साचा भट्टीतून सावकाश खाली काढतात, त्यामुळे धातू तळापासून वर गोठत येतो. तळाशी अनेक स्फटिक उगवतात, पण वर जायला वाट एकच: वळणावळणाची आणि अरुंद. तिथून एकच स्फटिक पार होतो आणि सबंध पातं त्या एका स्फटिकाचं बनतं. उष्णतेत आणि ताणाखाली धातू हळूहळू ओढला जातो तो मुख्यतः दोन स्फटिकांच्या सीमेवर. सीमाच ठेवली नाही की ती कमजोरी जाते. पात्याच्या आत थंड हवेच्या वाटा असतात, त्याही साच्यातल्या कोअरनेच, म्हणजे पोकळी राखायला आत ठेवलेल्या गाभ्यानेच, घडवलेल्या. फौंड्रीतल्या कोअर शॉपमध्ये वाढलेल्या मुलीला हे सांगितलं, तर तिचे पुढचे प्रश्न पुस्तकाच्या बाहेरचे असतात.

तिला आणखी एक गोष्ट ओळखीची वाटते: हीट नंबर, म्हणजे धातूच्या एकेका वितळीचा क्रमांक. आपल्याकडे फौंड्रीत ओतलेल्या मालावर तो टाकतात. विमानाच्या भागाबाबत तोच धागा शेवटपर्यंत जपतात. धातू कुठल्या वितळीतला, कधी तापवला, किती वेळ, कुणी मोजला, कुठल्या गेजने मोजला, त्या गेजची तपासणी कधी झाली. भागावर रंगद्रव टाकून, पुसून, अतिनील दिव्याखाली धरतात. भेग असेल तर आत शिरलेला द्रव रेघ होऊन चमकतो. भाग चोख असला आणि कागद हरवला, तर तो भाग बाद. मुलांना हे सुरुवातीला अन्यायाचं वाटतं. मग १९५४ सालच्या कॉमेट विमानांची कहाणी सांगावी लागते.

कॉमेट हे प्रवासी सेवेतलं पहिलं जेट. त्या वर्षी जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरं विमान भूमध्य समुद्रावर हवेतच फुटलं. ब्रिटनमध्ये फार्नबरोला एका कॉमेटचं धड पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आतला दाब वाढव, कमी कर, असं उड्डाणांचं सोंग पुन्हा पुन्हा केलं. आधीची खरी उड्डाणं धरून ३,०५७ फेऱ्यांनंतर पत्रा फाटला. एकदा सहन होणारा ताण हजारो वेळा आला की धातू थकतो. कुठल्या विमानावर किती फेऱ्या झाल्या याची नोंद म्हणूनच त्या विमानाच्या प्रकृतीचा भाग ठरते.

पुन्हा सांबऱ्याकडे येऊ. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षणासाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव होतं. मे २०२३ मध्ये इथून उडालेलं एक दोन आसनी प्रशिक्षण विमान वाटेत शेतात उतरवावं लागलं. आतले दोघेही वाचले. या घटनेच्या कारणांत न शिरता तिच्यावर एक गणित मी नेहमी घालतो. छोट्या विमानाचा उचल-रोध भागाकार, म्हणजे लिफ्ट टू ड्रॅग, ९ धरा. इंजिन बंद पडलं तर स्थिर हवेत ते एक मीटर खाली येताना नऊ मीटर पुढे जातं. जमिनीपासून ३०० मीटर उंचीवर असाल तर २.७ किलोमीटर. ६५ नॉटने तरंगत येताना हाताशी वेळ सुमारे ८० सेकंद. समोरून १५ नॉटचा वारा असला तर २.७ चे २.१ किलोमीटर होतात, मागून असला तर ३.३. विमान जड की हलकं, याने हे अंतर बदलत नाही. फक्त योग्य वेग बदलतो. हे ऐकून वर्ग नेहमी हटकतो, आणि मग समीकरण पुन्हा मांडावं लागतं.

त्यानंतरचं काम मुलांकडे. विमानतळाभोवतीचा नकाशा घ्यायचा, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून ही तीन अंतरं काढायची आणि आत काय काय येतं ते लिहायचं. तिथे सांबरा, मुतगे, निलजी, बाळेकुंद्रीची मुलं बोलू लागतात. कुठला फड तोडणीनंतर मोकळा असतो, कुठे ऊस डोक्याच्या वर गेलेला, कुठल्या शिवारातून विजेची तार जाते, जुलैत चाक रुतेल इतका चिखल कुठे, जोंधळा काढल्यावर कुठली जमीन कडक. बांध कुठल्या दिशेने आहेत हेही विचारायचं, कारण उतरायचं ते बांधाला समांतर. तक्त्यात बारा महिन्यांच्या बारा ओळी करायच्या आणि प्रत्येक ओळीत हे रकाने: सकाळचं तापमान, दुपारचं तापमान, हवेची घनता, वाऱ्याची दिशा आणि त्या महिन्यात उतरायला मोकळी असलेली शेतं. हा शेवटचा रकाना भरायला आम्ही मुलांना घरी, आजोबांकडे पाठवतो.